बांधलेली लेखणी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेई मुन्शीण ग्यासी खंगाराच्या झोपडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला चार खांदे हवेत."

कायस्थाच्या घरची बाई खंगारांच्या वस्तीत पायी आली होती. डोक्यावरून पदर, छातीशी धरलेलं लाकडी कलमदान, त्याला लाल दोरा घट्ट बांधलेला. ग्यासी खाटेवरून उठला. धसानगढच्या किल्ल्याच्या दरवाजावर त्याने वीस वर्षं पहारा दिला होता. आता हरवलेली गुरं, पळालेली माणसं आणि दडवलेल्या गोष्टी शोधून देणं हा त्याचा धंदा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बघता येत होतं.

शेजारी त्याचा सोबती बसला होता. नाव हल्के अहीर, अंगाने दोन माणसांचा पैलवान. डोकं मात्र नावाप्रमाणे, असं ग्यासी त्याच्या तोंडावर सांगायचा.

सुखदेईने जे सांगितलं ते गावाला ठाऊकच होतं, फक्त तिच्या तोंडून कुणी ऐकून घेतलं नव्हतं. आजारी राजा उमरावसिंहांनी धनतेरसच्या दरबारात सांगितलं होतं की बीजेला दत्तकपत्र लिहून भावकीतलं मूल मांडीवर घेऊ. बीजेच्या पहाटे महाराज गेले. दुपारी दवंडी फिरली: मरणाआधीच महाराजांनी राज्य कंपनी सरकारला लिहून दिलं, अमक्या इंग्रजी तारखेला, अक्षर मुन्शी बिंदाचरनचं, शिक्का महाराजांचा. संध्याकाळी मुन्शी बिंदाचरन हाथी-बावडीत, पायऱ्यांच्या विहिरीत, तरंगताना सापडले. सुखदेईचा नवरा.

गावाने निकाल देऊन टाकला. राज्य विकलं, मग लाज वाटली, जीव दिला.

"रात्रभर प्रेताशी एकटी बसलेय," ती म्हणाली. "जातभाईंनी कड्या लावून घेतल्या. दारावर कुणीतरी शेण फेकलं. कंपनीच्या साहेबाचा हुकूम आहे, सूर्य बुडेपर्यंत उचललं नाही तर शिपाई खड्ड्यात टाकतील. ग्यासी, तीस वर्षं त्या माणसाने या राज्याचं पान न् पान लिहिलं. त्याला कुत्र्यासारखं टाकू देऊ मी?"

"काकीजू, खंगाराचा खांदा चालेल?"

"ज्याचा मिळेल त्याचा."

"मग दोन झाले. मी आणि हा रेडा."

हल्केने ग्यासीला बाजूला ओढलं. दुसरा हुकूम त्याला आठवला होता: पाचांहून जास्त माणसं एका जागी दिसली की गोळी. समोरच्या टेकडीवर कंपनीच्या दोन तोफा कालपासून गावाकडे तोंड करून होत्या. बाजार बंद, चुली बंद. पोरांना रडू देत नव्हते.

"दाऊ, गद्दाराला खांदा दिला म्हणून आपल्यालाही ठेचतील," तो कुजबुजला.

"गद्दार होता की नाही ते आधी बघू. गद्दार नसेल तर बाकीचे दोन खांदे गाव देईल."

---

मुन्शीजींचं प्रेत ओसरीवर होतं. ग्यासीने मान वळवून पाहिली. कवटी मागच्या बाजूने फुटली होती. पायात जोडे तसेच.

"बावडीत पाणी किती?" त्याने विचारलं.

"कमरेएवढं," हल्के म्हणाला. "उडी मारली असेल, पायरी लागली."

"तोंड वर करून, पाठीमागे उडी मारली? डोंबारी होते का मुन्शीजी?"

मग त्याने उजवा हात उचलला. अंगठा आणि दोन बोटं शाईने काळी-निळी. त्याने ओल्या फडक्याने घासलं. डाग हलला नाही.

"काकीजू, ते घरून कधी निघाले?"

बीजेच्या पहाटे, अंधार असतानाच. वाड्यातून माणूस आला, महाराजजूंनी बोलावलंय म्हणाला, तोंडाला फडकं गुंडाळलेलं. सुखदेईने कलमदान पुढे केलं, तर मुन्शीजी म्हणाले, राहू दे. दिवाळीच्या रात्री महाराजजूंच्या हाताने गाठ बसली आहे. आज पूजा झाली की तेच सोडतील आणि पहिलं पत्र दत्तकाचं लिहू.

"म्हणजे रिकाम्या हाताने गेले," ग्यासी म्हणाला.

"रिकाम्या हाताने."

ग्यासीने कलमदानाची गाठ पाहिली. दोऱ्यावर शेंदूर वाळलेला, एकही तंतू सुटलेला नाही.

वाटेत हल्के बोलत सुटला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे परमेला, आपल्या पाडव्याला, तो मौनिया झाला होता. मोरपिसांचा जुडगा घेऊन बारा गावं नाचायची, दिवसभर तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या एका दिवसाची कसर तो अजून भरून काढत होता. "मुन्शीजी त्या दिवशी देवळाच्या पायरीवर भेटले होते. एक म्हातारी त्यांच्यामागे लागली होती, पोरगा पलटणीत आहे, दोन ओळी लिहून द्या. हात जोडून म्हणाले, आई, परवा ये. मला वाटलं, मीच बोरू हातात घ्यावा. पण मला येतं कुठे."

"आणि बोलायचीही चोरी," ग्यासी म्हणाला.

---

महाराजांचा पुतण्या कुंवर मानिकसिंह आपल्या ओसरीत तलवार मांडीवर घेऊन बसला होता. दत्तकासाठी काकांनी त्याला वगळलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन दिवस झोप नसलेल्या माणसासारखे त्याचे डोळे लाल होते.

ग्यासीने सरळ विचारलं, "कुंवरजू, एक खांदा कमी पडतोय."

"त्याला? त्याच्या तोंडात माती घालायला येईन."

ग्यासीने विचारलं, पत्र तुमच्या डोळ्यांनी पाहिलं का. कुंवर खवळला. त्याच्या घरात दौतसुद्धा नाही, सही मागितली तर पंजा उमटवतो, आणि साहेबाच्या छावणीत तो तलवार काढल्याशिवाय पाय ठेवणार नाही. दवंडी ऐकली तेवढं पुरे.

"महाराजजूंनी तुम्हाला वगळलं. राग होता?"

"होता. अजून आहे." कुंवर तलवारीकडे बघत राहिला. "पण लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मीच कलमदानाच्या गाठीवर बोट धरायचो. म्हणायचे, आता बीजेपर्यंत या राज्यात हुकूम निघत नाही, फाशीचासुद्धा नाही. कैदी त्या दोन दिवसांत हसायचे. त्या माणसाचं राज्य मी विकेन? ग्यासी, मी मूर्ख आहे, दारुड्या आहे. पण जा आता."

बाहेर आल्यावर हल्के म्हणाला, "यानेच केलंय. कसा डोळे वटारत होता."

"तुझी म्हैसही वटारते," ग्यासी म्हणाला.

---

दिवाण विसाजीपंत वाड्याच्या बाहेरच्या दालनात होते. माणूस आपल्याकडचा, दक्षिणेतला, तीन वर्षांपूर्वी एजंट साहेबांच्या शिफारशीने इथे आलेला. बोलणं मऊ. बसायला सांगितलं नाही, पण पाणी विचारलं.

खांद्याची गोष्ट त्यांनी हसून टाळली. ब्राह्मणाने आत्महत्या केलेल्याला शिवू नये, वगैरे. पण मुन्शीबद्दल वाईट वाटतं, असंही म्हणाले.

"महाराजांच्या उशाशी मीच होतो, आणि वैद्य. पहाटे प्राण गेला तेव्हा बोटातली मोहर मी काढली, सकाळी राणीसाहेबांकडे पोचती केली. दरवर्षी मी धनतेरस झाली की चित्रकूटला दीपदानाला निघतो, एकादशीनंतर परततो. यंदा महाराजांसाठी राहिलो. आता वाटतं, गेलो असतो तर हे बघावं लागलं नसतं."

"दिवाणजू, पत्र तुमच्यासमोर लिहिलं?"

"माझ्यासमोर नाही. महाराजांनी मुन्शीला एकट्याला बसवून लिहवलं आणि मला सांभाळायला दिलं. पाडव्याचा दिवस होता. एवढं मोठं काम, महाराजांनी मुहूर्त पाहूनच केलं."

ग्यासीची नजर त्यांच्या बैठकीवर फिरत होती. काचेची विलायती दौत. शेजारी पिसाच्या तीन लेखण्या. उघडी पडलेली नवी कोरी रोजनिशी, पहिल्या पानावर कुंकवाचं बोट आणि खाली चार ओळी.

"नवी वही दिसतेय," ग्यासी म्हणाला. "कधी धरली?"

"पाडव्यालाच. आमच्याकडे तशीच रीत आहे." आणि पंतांनी वही मिटली. घाईने नाही. नुसती मिटली.

---

छावणीच्या वाटेवर दोनदा शिपायांनी अडवलं. दुसऱ्या वेळी हल्केच्या छातीला संगीन टेकली आणि एवढा मोठा पैलवान पोरासारखा घामाने निथळला. ग्यासीने अर्ज करायचाय म्हणून सांगितलं.

एजंट साहेबांचा मीरमुन्शी कुंजबिहारीलाल हा अलाहाबादचा कायस्थ. सगळा पत्रव्यवहार त्याच्या हातून जायचा. राज्य खालसा झालं की इथल्या कचेरीचा तो सरिश्तेदार होणार, असं छावणीतले सईससुद्धा बोलत होते. खांद्याची गोष्ट काढताच तो म्हणाला, "मी सरकारी माणूस." आणि डोळे खाली.

"मला वाचता येत नाही, मुन्शीजू. ते पत्र एकदा वाचून दाखवा. विधवेला सांगेन, नवऱ्याने शेवटचं काय लिहिलं."

नाही म्हणायला हवं होतं. तसं तो म्हणाला नाही. पेटीतून पत्र काढून त्याने खालच्या आवाजात वाचलं. राज्य, किल्ला, खजिना, सगळं कंपनी बहादुरला. राणीला पेन्शन. शेवटी तो अडखळला.

"तिथी, मुन्शीजू?"

"कातिक सुदी परमा."

कुंजबिहारीने लोटा तोंडाला लावला. दोन थेंब पत्रावर पडले. त्याने घाईने बाहीने टिपले. अक्षर जरासुद्धा पसरलं नाही.

"हे साहेबांना असंच वाचून दाखवलं?"

"साहेबांनी विचारलं तेवढं सांगितलं. अक्षर कुणाचं, शिक्का कुणाचा." मग तो म्हणाला, "बाकी त्यांनी विचारलं नाही."

बाहेर येताच हल्के म्हणाला, "आता कळलं. पत्र याच्या पेटीत, शाई याच्याकडे, सरिश्तेदारी यालाच. हाच."

"हल्के, परमेला तू दिवसभर काय केलंस?"

"नाचलो. बोललो नाही."

"कुणी हजार रुपये दिले असते तर बोलला असतास?"

"बारा वर्षांचं व्रत आहे, दाऊ. मेलो असतो तरी नाही."

"मग चल," ग्यासी म्हणाला. "सुखदेईकाकींना घेऊन ये. कलमदानासकट."

---

तिसऱ्या प्रहरी आमराईतल्या तंबूसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. किल्ल्यावर चढवायचा कंपनीचा झेंडा घडी करून चौरंगावर ठेवला होता. एजंट साहेब, दिवाण विसाजीपंत, कागद घेऊन कुंजबिहारी. कुंवर मानिकसिंहाला शिपायांनी धरून आणलं होतं, तलवार काढून घेतलेली.

साहेब हिंदुस्थानी चांगलं बोलायचे. घड्याळ बघून म्हणाले, दहा मिनिटं आहेत, अर्ज काय आहे?

"अर्ज खांद्याचा आहे, हुजूर," ग्यासी म्हणाला. "मुन्शी बिंदाचरनला गाव गद्दार समजतं म्हणून खांदा मिळत नाही. ते गद्दार नव्हते. त्यांना मारलं. कुणी, ते सांगतो. मग झेंडा लावा."

पंत हसले. साहेबांनी हात केला, बोल.

ग्यासीने सुखदेईच्या हातातलं कलमदान घेऊन चौरंगावर, झेंड्याशेजारी ठेवलं.

"मुन्शीजी बीजेच्या पहाटे जिवंत घरून निघाले, रिकाम्या हाताने. संध्याकाळी सापडले तेव्हा बोटांना शाई होती. म्हणजे त्या दिवशी त्यांनी काहीतरी लिहिलं. कुणाच्या लेखणीने? त्यांची तर इथे बांधलेली आहे. कुणाच्या शाईने? आमची शाई काजळाची, पाण्यात सुटते. प्रेत दिवसभर पाण्यात होतं तरी डाग जात नाही. आणि ते पत्र, मुन्शीजू, त्यावर सकाळी पाणी सांडलं. फुटलं अक्षर?"

कुंजबिहारीने मान हलवली.

"तेव्हा विलायती शाई. धसानगढात ती दोनच ठिकाणी आहे. या छावणीत आणि दिवाणजूंच्या बैठकीवर. कुंवरजूंच्या घरात दौतच नाही. ते सुटले."

"महाराजांनी माझी दौत मागवली असेल," पंत म्हणाले. "पाडव्याला ती वर त्यांच्याकडेच होती."

"परमेला लिहिलं ना? नक्की?"

"तिथी पत्रावरच आहे."

"तीच तर अडचण आहे, दिवाणजू. दिवाळीच्या रात्री कायस्थ लेखणीची पूजा करून ती बांधतो. बीजेला चित्रगुप्ताची पूजा झाल्याशिवाय हातात धरत नाही. परमेला मुन्शीजींनी एका म्हातारीला दोन ओळी लिहून दिल्या नाहीत, या हल्केने पाहिलंय. महाराजजू मरायला टेकले होते, दत्तकपत्राची त्यांना घाई होती, तरी बीजेपर्यंत थांबले. का? लेखणी बांधलेली म्हणून. परमेला लिहवून घ्यायचं असतं तर दत्तकपत्र नसतं लिहवलं?"

कुंवर मानिकसिंह ताठ झाला. दवंडीत इंग्रजी तारीख होती. परमेचं नाव तो आत्ता ऐकत होता.

"तेव्हा पत्र परमेचं नाही. महाराजजू गेल्यावर, बीजेच्या सकाळी लिहवलेलं. मोहर त्यांच्या बोटातून निघाल्यावर, राणीसाहेबांकडे पोचण्याआधी. तिथी मागची घालायला हवी होती, कारण मेलेला माणूस राज्य देत नाही. आता मागची कोणती? धनतेरसला तर महाराजजू भर दरबारात दत्तकाचं बोलले होते. त्यानंतरचीच हवी. छावणीतल्या माणसाने घातली असती तर तो कायस्थ आहे, परमा त्याच्या तोंडून निघाली नसती. या गावात जन्मलेला कुणीही, गुराखीसुद्धा, परमा म्हणाला नसता. परमा कोण म्हणेल? ज्याने यंदापर्यंत इथली एक दिवाळी पाहिली नव्हती. दरवर्षी जो चित्रकूटला असतो. ज्याच्या मुलखात पाडव्याला लेखणी बांधत नाहीत, नवी वही उघडतात. ज्याला वाटतं, लिहिण्यासाठी याहून चांगला मुहूर्त नाही."

पंतांचा चेहरा तसाच मऊ होता, पण कपाळावरचं गंध घामाने ओघळलं.

"धाक काय घातला असेल?" ग्यासीने सुखदेईकडे पाहिलं नाही. "घरात एकटी बायको आहे, एवढं पुरतं. मुन्शीजी बसले. सांगितलं तसं लिहिलं. परमा घाल म्हटलं, परमा घातली. चूक दाखवली नाही. त्यांना ठाऊक होतं, हा कागद साहेबाकडे जाईल आणि साहेबाला कायस्थच वाचून दाखवेल. त्यांनी पत्र कंपनीला लिहिलं नव्हतं. तुम्हाला लिहिलं होतं, मीरमुन्शीजू. पत्र पोचलं. तुम्ही उत्तर दिलं नाही."

कुंजबिहारीलालच्या हातातले कागद खाली पडले.

साहेबांनी ते पडलेले पाहिले, मग घड्याळ पाहिलं. शांतपणे म्हणाले, फार हुशारीने बोललास. पण समज, पत्र खरं असेल तर राज्य सरकारचं. खोटं असेल तर महाराज दत्तक न घेता, वारस नसताना वारले. तरीही राज्य सरकारचंच.

"मग खोट्या कागदाची गरज कुणाला होती, हुजूर?"

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. पंतांना त्यांनी तंबूत नेऊन बसवलं. कैदी म्हणून की पाहुणा म्हणून, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. पुढे पेन्शन मात्र पंतांना वेळेवर मिळत गेली.

"मी राज्य मागायला आलो नव्हतो," ग्यासी म्हणाला. "चारातले दोन खांदे आमच्याकडे आहेत."

"तिसरा माझा," कुंवर मानिकसिंह म्हणाला. शिपायांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खांदे उडवले.

चौथ्यासाठी थांबावं लागलं. कुंजबिहारीलालने कानावरची लेखणी काढून साहेबांच्या मेजावर ठेवली. सरळ, आडवी, नीट. मग तो मुन्शिणीच्या समोर आला, मान वर न करता.

"काकी, मला वाचता येत होतं," तो म्हणाला.

सुखदेईने त्याच्याकडे पाहिलं. मग कलमदान उचलून त्याच्या हातात दिलं. "धर. तिरडी उचलताना मला दे."

---

झेंडा वर गेला तेव्हा मुन्शीजींची तिरडी गल्लीत आली. चार खांदे, पुढे हातात विस्तव घेतलेली सुखदेई. पाच. शिपायाने मोजलं आणि बंदूक खाली केली.

हल्केला वाटलं होतं, घाटापर्यंत आपल्यालाच न्यायचंय. तो रस्ता लांब आणि पूर्ण तोफांच्या तोंडात. पण परमेची गोष्ट त्यांच्या आधीच आमराईतून निघाली होती. सईसांनी, भिश्त्यांनी, कुणी सांगितली कळलं नाही.

पहिल्या वळणावर चार माणसं उभी होती. कायस्थच, काल कड्या लावून घेतलेले. ती पुढे आली, आधीचे चार बाजूला झाले आणि मागे राहिले. दुसऱ्या वळणावर चार कोष्टी. देवळापाशी चार अहीर, हल्केचे मौनिया साथी, तोंडातून शब्द नाही. बावडीपाशी चार बुंदेले.

बंदुकीवाला शिपाई प्रत्येक वळणावर मोजत होता. चार आणि पाचवी बाई. पुढे चार आणि पाचवी बाई. घाटापर्यंत सगळं धसानगढ खांद्याला लागून गेलं, आणि त्याच्या मोजणीत पाचांहून जास्त माणसं एकदाही आली नाहीत.